दोनशे अकरा रिकाम्या कुंड्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे उद्यान अधीक्षक साहेब, मोजणी अधिकारी साहेब, खुरपी-झाऱ्या खाली ठेवून हात धुऊन आलेले माझे सोबती, आणि रोज सकाळी बागेत फेऱ्या मारणारे, आज मात्र खुर्च्या धरून बसलेले नागरिकहो,

आधी ख्यालीखुशाली विचारू द्या. अध्यक्ष महोदय, गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना तुम्ही कठडा धरलात, ते मी पाहिलं. अधीक्षक साहेब, शिंका थांबल्या का? बागेच्या प्रमुखालाच परागकण सोसू नयेत, याला काय म्हणावं. मोजणी साहेब, बाळाचा ताप उतरला ना? दात येताना असं होतंच, घाबरू नका. पाइपवाले दादा, कंबर सांभाळा, वाकताना गुडघ्यात वाका. आणि सूनबाई, तिसऱ्या रांगेत बसून घड्याळ दाखवू नकोस. पाच मिनिटांत आटपा म्हणालीस, ते माझ्या लक्षात आहे. मी आटपणार नाहीये, एवढंच.

निवृत्तीचं मानपत्र फार मायेनं लिहिलंत. त्यात एक वाक्य आहे, ‘त्यांच्या जाण्याने बाग रिकामी होईल.’ आता या ‘रिकामी’ शब्दाशी माझं जरा भांडण आहे. या उन्हाळ्यात तो मी दुसऱ्यांदा ऐकते आहे. पहिल्यांदा कुठं ऐकला, ते सांगितल्याशिवाय हा माइक मी सोडत नाही.

ऐन उन्हाळ्यात बागेतल्या झाडांची मोजणी झाली. साहेब पाटी-कागद घेऊन तीन नंबरच्या शेडनेटमध्ये आले. मला म्हणाले, “आजी, या कुंड्या रिकाम्या का ठेवल्यात?”

म्हटलं, “रिकाम्या नाहीत. झोपल्यात.”

“हिरवं तर काहीच दिसत नाही.”

“साहेब, दुपारी तुम्ही पांघरूण घेऊन पडता, तेव्हा घरचे तुमची खोली भाड्यानं देतात का?”

हसले बिचारे. माणूस भला आहे, हे त्यांच्यासमोरच सांगते. पण पुढं म्हणाले, “आजी, माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. जिवंत आणि रिकामी. झोपलेली असा रकाना नाही.”

“मग आखा की. पट्टी मी देते.”

“कागद वरून येतो, आजी.”

आणि त्यांनी लिहिलं: रिकाम्या कुंड्या, दोनशे अकरा.

आठ दिवसांत आदेश आला. रिकाम्या कुंड्या निकाली काढाव्यात, जागा मोकळी करावी, तिथं ‘बारमाही फुलोरा दालन’ होईल. म्हणजे दर आठवड्याला बाहेरून फुललेली रोपं आणायची, माना टाकल्या की फेकायची आणि नवी मांडायची. लोक फोटो काढतील. काढू देत, मला फोटोचं वावडं नाही. पण त्या दोनशे अकरा कुंड्यांत काय होतं, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे?

लसणीच्या पाकळीएवढा एक कंद. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो एका डोंगरावरून आणला. डॉक्टरीणबाई औषधाच्या नव्हेत, झाडांच्या. आज तो डोंगर नाही. त्याची खडी झाली, तुम्ही-आम्ही तिच्यावरून गाड्या चालवतो. हा कंद आठ महिने मातीत निजतो. शास्त्रात त्याला सुप्तावस्था म्हणतात. हवा दमट झाली की पान नाही, काही नाही, नुसतं एक पांढरं फूल थेट जमिनीतून वर येतं. दोन दिवस. मग पान येतं, ते कंदाचं पोट भरतं आणि पिवळं होऊन जातं. बी पेरलंत तर पहिलं फूल यायला सहा वर्षं. दरवर्षी त्याची मुळं आखडतात आणि कंदाला आणखी थोडं खाली ओढून घेतात. वर काही दिसू नये, याची तो स्वतःच एवढी काळजी घेतो. आमची मोजणी वरून होते.

मी मोजणी साहेबांवर रागावलेली नाही. का ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, सूनबाई, तुलासुद्धा नाही.

मी इथं खुरपणीला लागले तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती. पुढं झाडांच्या पाट्यांवरच मी वाचायला शिकले. पहिल्याच उन्हाळ्यात शाबासकी मिळावी म्हणून मी एकोणीस कुंड्या खतखड्ड्यात पालथ्या केल्या. रिकाम्या होत्या ना. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पाहिलं. रागावल्या नाहीत. पदर खोचून खड्ड्यात उतरल्या आणि बोटांनी माती चाचपायला लागल्या. मीही उतरले. संध्याकाळपर्यंत अकरा सापडले. आठ सापडले नाहीत. हा कंद नव्हे, ती निराळीच जात होती, आणि त्या अकरांतला एकही पुढं जगला नाही. बाईंनी पुष्कळ पत्रं लिहिली, पुष्कळ बागांत विचारलं. कुणाकडे नव्हती. मी ती संपवली. चांगलं काम करते आहे, असं समजून संपवली.

म्हणून या वेळी मी तीन अर्ज केले. पहिल्यावर ‘नोंद घेतली’ आलं. दुसऱ्यावर काहीच आलं नाही. तिसरा घेऊन मी स्वतः गेले, तर अधीक्षक साहेब म्हणाले, “आजी, तुमच्या भावना समजतात.” भावना नव्हत्या, साहेब. कंद होते.

उद्या सकाळी त्या कुंड्या न्यायला गाडी येणार आहे. तेव्हा जाहीरपणे सांगते, आदेश मी मोडलेला नाही. कुंड्या रिकाम्या आहेत असं कागद म्हणतो, म्हणून काल मी त्या रिकाम्या केल्या. धुतल्या आणि पालथ्या घातल्या. दोनशे अकरा आहेत, मोजून घ्या. आतल्या मालाचं काय केलं, हे मला कोण विचारणार? कागदावर आत काही नव्हतंच.

अधीक्षक साहेब, खाली वाकलात ते बरं केलंत. हो, तुमच्याही खुर्चीखाली आहे. सगळ्यांच्याच आहे. खुर्चीच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली कागदाची पुडी. बसा, बसा, मोजणी साहेब, तुमच्याखाली दोन बांधल्यात, एक बाळाची. चौकशी लावायची असेल तर माझ्यावर लावा, माझ्या सोबत्यांवर नको. पुड्या मी बांधल्या, आणि उद्यापासून मी मोकळीच आहे.

आता नीट ऐका. वाळूमिश्रित माती घ्या, कुंडीला भोक हवं. बोटभर खोल पुरा, निमुळतं टोक वर. पाणी घालायचा मोह होईल, तो आवरा. झोपेत पाणी पाजलं तर कंद कुजतो. आभाळ भरून आलं की मग घाला. पान पिवळं पडलं तरी ओढू नका. आणि सूनबाई, ही पुडी कांद्याच्या टोपलीत ठेवू नकोस.

यातले पुष्कळ मरतील, हे मला कळतं. कुणी पुडी पिशवीत विसरेल, कुणाचं मांजर कुंडी उकरेल. पण गाडीत गेले असते तर एकही उरला नसता. बागेला हे कधी परत हवे झाले, तर तुमच्या कंदाला झालेलं एक पिल्लू घेऊन या. आणि दार बंद असेल तर उघडेपर्यंत तिथून हलू नका.

सोबत्यांनो, तुम्ही मला खूप सांभाळून घेतलंत. अध्यक्ष महोदय, गुडघा दुखत असतानाही शेवटपर्यंत बसलात. तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाला काही खुपलं असेल, मानपानात उणंअधिक झालं असेल, तर या अडाणी बाईची चूक पोटात घाला. कुंड्यांबद्दल मात्र मी माफी मागत नाही.

प्रत्येक पुडीत एक कार्ड आहे, त्यावर माझा पत्ता आहे. फूल आलं तर कळवा, नुसतं पान आलं तर कळवा, कुजला तर तेही न लाजता कळवा. पण लवकर लिहा. त्या कंदाला पुष्कळ वेळ आहे, मला नाही.