डॅशबोर्डवरची टक

घड्याळजीच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

“दादा, जुनं मशीन त्यांनी भंगारात टाकलं असेल तर?”

“ठेवलंय, फोनवर म्हणाले ते.”

“बाबांच्या स्पोर्ट्स कारचं मूळ घड्याळ होतं ते. बदलायला सांगितलं कोणी तुला?”

“सारखं मागे पडायचं गं. म्हणून आत सेलवरचं मशीन बसवलं. तबकडी, काटे तेच आहेत, बघून कोणी ओळखणार नाही.”

“बाबांना दिसतं कुठे आता? जुनं घड्याळ दर मिनिटाला स्वतःला चावी द्यायचं, तेव्हा टक व्हायचं. तेच ऐकत बसतात ते रोज संध्याकाळी गाडीत.”

“मला माहीत असतं तर हात लावला असता का?”

“तुला कधी काय माहीत असतं? थांब, आईचा फोन... हं, बोल. बरं, येतोच आम्ही.”

“काय म्हणाली?”

“बाबा गाडीत बसलेत आणि विचारतायत, माझी गाडी विकलीत का.”

“गॅरेजमध्ये दिलीय म्हणून सांगायचं ना.”

“तेच सांगितलं तिने.”

“मग?”

“मग ही कोणाची, म्हणाले. आणि मालक येईल म्हणून चाचपडत घाईघाईने खाली उतरले.”