साडूपेक्षा थंड

...वेग बघा म्हणे! मेमरी बघा म्हणे! अहो, वेग काय चुलीत घालायचाय? मला कॉम्प्युटरचं कार्ड हवं होतं ते साडूपेक्षा थंड, बास, दुसरी अट नव्हती, आणि एवढी साधी गोष्ट त्या दुकानदाराच्या टाळक्यात शिरेना! तुम्हाला सांगतो... थांबा, आधी एक सांगा, तुम्हाला साडू आहे का? नाही? मग तुम्हाला जगातलं काही कळलेलं नाही, गप्प बसून ऐका.

माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याने गेमिंगचा कॉम्प्युटर बांधला. विकत नाही हं, सुटे भाग आणून घरी जोडला, आणि तोही पाण्याने गार होणारा! काचेची पेटी, आत वळवलेल्या नळ्या, त्यातून निळं पाणी फिरतंय, आणि टाकीवर पाणी किती तापलं त्याचा आकडा चमकतोय. झालं! सासरी गेलं की हा सोफ्यावर रेलून, 'आमचं चाळीसच्या वर जात नाही बुवा. तुमचं किती?' आमचं किती! आमच्याकडे ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप, त्याच्यावर शर्टाला इस्त्री झाली असती! मी तोंड उघडायच्या आत सासरेबुवा, 'अहो, यांना कशाला विचारता? यांच्या हातून भिंतीला खिळा सरळ बसत नाही.' की सगळे हसणार. सासूबाई हसणार, मेहुण्या हसणार, आणि माझी बायको? ती तर सगळ्यांच्या आधी सुरू!

मग पेटलो मी. पेटी आणली, नळ्या आणल्या, पंप आणला आणि वॉटर ब्लॉक आणला. ब्लॉक म्हणजे काय, तर धातूची चपटी पेटी. ग्राफिक्स कार्ड असतं ना, खेळातली चित्रं काढणारं, ते तापतं मरणाचं, त्याचे पंखे उपटून काढायचे आणि त्याच्या उरावर हा ब्लॉक स्क्रूने आवळायचा, मग ब्लॉकमधून पाणी वाहतं आणि कार्ड गार राहतं. माझा ब्लॉक काय होता सांगू... आरसा हो, आरसा! त्यात बघून दाढी करावी! दिसला आणि घेतला. तो पिशवीत घालून गेलो कार्डाच्या दुकानात, म्हटलं, 'याला शोभेल असं कार्ड दाखवा.'

दुकानदाराने असं बघितलं, जसा काही मी बटण घेऊन शिंप्याकडे गेलोय आणि याच्यावर शर्ट शिवा म्हणतोय. 'साहेब, आधी कार्ड निवडतात, मग त्याचा ब्लॉक.' म्हटलं, 'तुम्हाला साडू आहे का?' म्हणाला, 'नाही.' म्हटलं, 'मग दाखवा गुपचूप.'

'हे घ्या, एकदम वेगवान.' माझ्या ब्लॉकला बसेल? 'नाही.' ठेवा. 'हे त्याहून भारी.' बसेल? 'नाही.' ठेवा! शेवटी त्याने खालच्या फळीवरून एक खोकं ओढलं, धूळ फुंकली, तीही माझ्याच तोंडावर, आणि एक डोळा मिटून म्हणाला, 'बसेल... या एकाच नावाच्या कार्डात आतले बोर्ड दोन तऱ्हेचे येतात, उघडल्याशिवाय कळत नाही... पण बसेल हो. बसायला पाहिजे.' बसायला पाहिजे! अहो, एवढ्या भरवशावर तर लोक लग्न करतात, मी कार्ड घेतलं!

इकडे बायकोने सगळ्या माहेराला आवतण देऊन ठेवलं, रविवारी या बघायला! मी शनिवारी कार्डाचे पंखे काढले, ब्लॉक ठेवला... तर एका कोपऱ्यात तो टेकेचना, वर उचललेला! बोर्ड दुसऱ्याच तऱ्हेचा निघाला. आता शहाणा माणूस काय करेल? थांबेल. पण शहाण्या माणसाच्या घरी उद्या साडू येणार नसतो! मी तोच कोपरा धरला, स्क्रू घातला आणि आवळला, आणखी आवळला, दात-ओठ खाऊन आवळला, आणि... कट्! एवढासा आवाज. खपलं कार्ड. मी रडलो हो, खोटं कशाला सांगू, पेचकस हातात धरून रडलो. दुकानदाराला फोन केला, तर, 'पंखे काढताना वॉरंटीचं स्टिकर फाटलं ना? मग आपलं नातं संपलं साहेब.'

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, 'दिवे लागतात ना? पाणी फिरतं ना? मग ठेवा तसंच. दिसायला बरं आणि कामाला शून्य, मला सवय आहे.'

ठेवलं! मेलेलं कार्ड ब्लॉकसकट पेटीत बसवलं, पाणी सोडलं, आणि पडदा जोडला थेट मदरबोर्डला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाला, त्याच्यावर कार्डाशिवायही पत्ते खेळण्यापुरतं चित्र उमटतं. रविवारी सगळे आले. सासरेबुवा चष्मा लावून टाकीपाशी वाकले, 'पंचवीस? अहो, पंचवीस!' आता मेलेलं तापणार कसं? साडूचा चेहरा पडला. म्हणाला, 'एखादा खेळ लावा बघू.' मेलेल्या कार्डावर खेळ कुठला लागतोय! तर सासरेच त्याच्यावर खेकसले, 'खेळ काय बघायचा? आकडा बघा, आकडा! शिका जरा यांच्याकडून!' आयुष्यात पहिल्यांदा हो! आणि सगळे हसले, त्याला! माझी बायको इथेही सगळ्यांच्या आधी. काय गोड लागलं म्हणून सांगू! साडू नाही ना तुम्हाला? जाऊ द्या, नाही कळायचं.

जाताना साडूने मला जिन्यात गाठलं. 'कार्ड कोणतं घेतलं हो?' मी खोटं बोललो का? अजिबात नाही! कार्डाचं नाव सांगितलं, ब्लॉकचं सांगितलं, दुकानाचा पत्तासुद्धा दिला. त्याने जेवढं विचारलं, तेवढं सगळं खरं खरं सांगितलं.

पुढे त्याच्याकडे गेलो, तर त्याच्या टाकीवर काय? पंचवीस! आणि पडद्यावर? पत्ते! मी म्हटलं, 'वा, छान थंड आहे.' तो म्हणाला, 'कार्डच तसं आहे.' त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, मी त्याच्या बघितलं नाही, दोघांनी चहा संपवला.

आता धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलंय. मुलगा गरीब स्वभावाचा, परवा आम्हा दोघांसमोर खुर्चीच्या कडेला बसला आणि म्हणाला, 'मलाही असाच बांधायचाय. तुम्ही दोघं अनुभवी... कार्ड कोणतं घेऊ?' साडूने माझ्याकडे बघितलं. मी साडूकडे बघितलं. आणि आम्ही दोघांनी एका सुरात त्याच कार्डाचं नाव सांगितलं.

असं बघू नका माझ्याकडे! काय करणार... घरात नवीन माणूस येतोय, त्याला परकं वाटू नये, एवढंच आपल्या हातात असतं.