रेड्याच्या शिंगातली चप्पल

अहो ताई, इतक्या जोरात नका घासू, चिंचेच्या झाडाची साल निघतेय. पावडर हलक्या हातानं फासायची, मग सालीवर नशिबाचा आकडा दिसतो — दिसतो म्हणतात हं, मला आजवर फक्त मुंग्या दिसल्यात. काय दिसलं? सात? तो सात नाही, ओरखडा आहे. दादाच्या मोटारसायकलच्या हँडलचा.

हो, माझाच दादा. पोंग. तुम्ही ज्याला हात जोडताय तोच. तुम्ही बँकॉकच्या ना? नखांवरून कळतं. बाटली ठेवा तिथे, लाल सरबतांच्या रांगेत — आणि नळी घाला, नाहीतर भूत पिणार कसं? हे मी नाही म्हणत, समोरची सरबतवाली म्हणते. तिनं परवा नवा फ्रीज घेतला. दादा जिवंत असताना त्याला उधार पाणी देत नव्हती.

तुमच्याकडे किती रेडे आहेत? बापरे. आमच्याकडे एकच आहे, आणि तो शेण टाकतो. तुमच्या मोबाइलमध्ये जे चित्र आहे ना, शिंगात चप्पल अडकलेली, तो हाच. चप्पल माझी. मी रागानं फेकून मारली, ती शिंगात बसली, आणि रेड्यानं असं काही वळून बघितलं की दादा हसून हसून चिखलात बसला. फोटो काढला, म्हणाला, ह्याचं नाणं काढू या, ते क्रिप्टोचं, मोबाइलवर विकतात तसलं, लोक कुत्र्यांची काढतात. मी विचारलं, त्या नाण्यानं काय मिळतं? म्हणाला, काही नाही, वेड्या, म्हणून तर घेतात. मी शाळा अर्धवट सोडलेला, मला वाटलं आपल्यालाच समजत नसेल. तुम्हाला समजलंय का? नाही ना? मग बरं वाटलं.

पहिले दोन आठवडे कोणी विचारलं नाही. मग एका दुपारी भाव उड्या मारायला लागला. दादा बाजारातून आईसाठी चिकट भात घेऊन येत होता — एक हात हँडलवर, एक हात मोबाइलवर, डोळे मोबाइलात. समोर चिंच. हीच.

आणि मग लोक म्हणाले, पोंग वरून भाव चढवतोय. खरंच चढला हो. मेलेल्या माणसाला आपली नाणी विकता येत नाहीत, म्हणून चढला असेल — मला काय कळतं. तेव्हापासून गाड्या भरभरून येतात. पोंग, कधी विकू? पोंग, आकडा दे. सगळे त्याला नावानं हाका मारतात, जसा काही ह्यांच्यातच वाढला.

थांबवा? काय थांबवा? आजचा विधी? ताई, हे सांगणाऱ्या तुम्ही चौथ्या. शुक्रवारपर्यंत थांबवा, भाव अजून चढू दे, मग न्या त्याला घरी. एक जण तर नोटांचं पाकीट घेऊन आला होता. अहो, रस्त्यात मेलेला माणूस रस्त्यातच अडकतो. घरच्यांनी हाक मारून न्यावा लागतो, वाटेत पूल आला तर सांगावं लागतं, दादा पूल आलाय, ये. नाहीतर तो इथंच, उन्हात, तुमची गोड सरबतं पीत. त्याला गोड आवडायचं नाही.

आईचा आवाज फुटत नाही. म्हणून हाक मी मारायची. भंते दोनदा येऊन परत गेले. नाही, पाकिटासाठी नाही. पाकीट मी ओढ्यात फेकलं — मूर्खपणा झाला, माहितेय. हाक तोंडातून निघत नाही, बस. तुम्ही सगळे मारता तशी सोपी नसते ती. आणि मारली, आणि तो खरंच आला, तर मग तो मेलेलाच ना? इथं निदान दिवसभर कोणीतरी त्याच्याशी बोलतं. मीही बोलतो, तुम्ही लोक गेल्यावर. आकडा नाही मागत. विचारतो, जेवलास का.

ती बघा, शेजाऱ्यांची गाडी. पुढे भंते, मागे आई. उठा ताई. पावडर आटपा. विकायचं असेल तर आत्ता विका, नसेल तर ठेवा, रेडा काही पळून जात नाही. बाटलीही घेऊन जा. बाजूला व्हा जरा, मोटारसायकल वळवू द्या.

दादा. ए दादा. चल घरी. मागे बस, आज मी चालवतो. आणि तो मोबाइल खिशात ठेव.