पुस्तकातली पुरवणी

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य ताराचंदजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे प्राध्यापक नसीरुद्दीन काझीसाहेब, आणि एवढ्या उन्हात सीताबर्डीहून टांगे करून आलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटे दिली आहेत. काझीसाहेबांशी मी अकरा वर्षे वाद घातला, तेव्हा पाच मिनिटे ही थट्टाच झाली, असो.

ते इस्लामी नीतिशास्त्र शिकवीत, मी पाश्चात्त्य. माझे जर्मन पंडित सांगतात, काही झाले तरी खोटे बोलू नये. काझीसाहेब म्हणत, आधी नियत पाहा, आणि दुसऱ्याचे उणे चारचौघांत उघडे करू नका. मी म्हणे, ही पळवाट आहे. तोवर चहा निवून जाई.

त्रेपन्न साली वार्षिक परीक्षेत सुभद्रा नावाची विद्यार्थिनी माझ्या विषयात नापास झाली. उमरेडच्या विणकराची मुलगी. माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, मी तं सगळे प्रश्न सोडवले होते. मी काहून नापास झाली?” मी तिला सांगितले, हे स्वतःच्या मनाला विचार. ती वर्षभर वडिलांच्या मागावर बसली.

दिवाळीनंतर काझीसाहेबांनी माझ्याकडून त्या जर्मन पंडितांचे पुस्तक वाचायला नेले. सत्यावरच्या प्रकरणात खुणेसाठी एक कागद घातलेला होता. ती सुभद्राची पुरवणी होती. उत्तरपत्रिकेचा दोरा आपोआप सुटला असेल; खूण मात्र मीच घातली होती. उत्तर बरोबर होते.

काझीसाहेबांनी खोलीचे दार लोटले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “मी कोणाला सांगणार नाही. पण रूपरावजी, खुदाचा गुन्हा खुदा माफ करील. माणसाचा हक्क मारला, तर माफी त्या माणसाकडेच मागावी लागते.”

मी मागितली का? नाही. माझ्या काटेकोरपणाचा कॉलेजात दरारा होता, तो सोडवेना. चार वर्षे त्यांनी शब्द पाळला, आणि त्यानंतरचा प्रत्येक वाद मला जिंकू दिला. सज्जनहो, मला याची फार लाज वाटते.

सुभद्राबाई पुढल्या वर्षी उत्तीर्ण झाल्या, आज शिक्षिका आहेत, आणि डावीकडे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

अध्यक्षमहाराज, घंटी राहू द्या, संपवतोच. आपले, पाहुण्यांचे आणि सतरंज्या घालणाऱ्या मंडळींचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, तर त्याबद्दल सभागृहाकडे क्षमा मागण्याची रीत आहे. आज मी ती सभागृहाकडे मागत नाही.

सुभद्राबाई, मी चुकलो. तुमचे एक वर्ष मी खाल्ले, आणि कळल्यावरही गप्प बसलो. माफ करायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी खाली येतो आहे.