कोरडं फडकं

सर: म्हणजे त्यांचे उंदीर मठ्ठ आहेत. त्यात आपला काय दोष?

विद्यार्थिनी: त्या दुसऱ्या प्रयोगशाळेने पत्रात लिहिलंय, सर, त्यांनी सात वेळा करून पाहिलंय. आपलंच आठवणीचं औषध, आपलाच डोस, आपल्या पेपरमधल्या मापाने बनवलेला तसाच चक्रव्यूह. सातही वेळा औषध दिलेले आणि न दिलेले उंदीर सारखेच भटकले. कोणालाही वाट आठवली नाही.

सर: सात वेळा अपयश आलं की माणसाने गप्प बसावं, लोकांना पत्रं लिहीत सुटू नये. लिही उत्तर. हवामान, पाणी, उंदरांचं कूळ. 'स्थानिक घटकांचा प्रभाव नाकारता येत नाही.' हे वाक्य मी आजवर नऊ वेळा वापरलंय, एकदाही कोणी उलटून विचारलं नाही.

विद्यार्थिनी: त्यांनी एकच प्रश्न विचारलाय. एक उंदीर पळून झाला की दुसरा सोडायच्या आधी चक्रव्यूह तुम्ही कशाने पुसत होता?

सर: स्पिरिटने. पेपरमध्ये आहे की.

विद्यार्थिनी: हो, मीच लिहिलंय.

सर: मग घोडं कुठे अडलं?

विद्यार्थिनी: पुसत मी नव्हते. माणूस दिसला की उंदीर बिथरतात म्हणून मी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघून वेळ मोजायचे. उंदीर सोडायच्या आणि चक्रव्यूह पुसायच्या त्या उंदीर सांभाळणाऱ्या मावशी. स्पिरिटचं वाक्य मी तुमच्या मागच्या पेपरमधून जसंच्या तसं उचललं.

सर: मग काय झालं? मी ते त्याच्या मागच्यातून उचललं होतं. कार्यपद्धती अशीच हातोहात पुढे जाते. प्रत्येक वेळी नव्याने लिहायला बसलो तर संशोधन कधी करायचं?

विद्यार्थिनी: उद्या सकाळी दवाखान्यात चाळीस म्हाताऱ्या माणसांना पहिली गोळी द्यायची आहे, सर. माझ्या मनात पाल चुकचुकतेय. मी मावशींना बोलावलंय.

सर: बोलाव, बोलाव. पाच मिनिटांत शंका फिटेल. फक्त सोपं बोल त्यांच्याशी.

मावशी: आले. काय झालं, पिंजरा उघडा राहिला का कुठला?

विद्यार्थिनी: नाही, मावशी. गेल्या वर्षीचं आठवतंय का, चक्रव्यूहाचं काम? दोन उंदरांच्या मध्ये तुम्ही तो कशाने पुसायचात?

मावशी: फडक्याने.

सर: स्पिरिटच्या फडक्याने. लिहून घे.

मावशी: पहिला आठवडा स्पिरिटच्या. मग बाटली संपली. स्टोअरवाला म्हणाला, मागणीपत्र तीन प्रतींत आणा, साहेबांच्या सहीचं. साहेब तर दौऱ्यावर. आधीच्या शोधाची भाषणं चालली होती ना तुमची?

सर: सात शहरं होती. तो वेगळा विषय आहे.

मावशी: म्हणून मग कोरडं फडकं. संध्याकाळी सगळं बादलीभर पाण्याने स्वच्छ धुवायचे हं, त्यात कुचराई नाही केली. दिवसभर मात्र कोरडंच.

विद्यार्थिनी: किती दिवस?

मावशी: शेवटपर्यंत. ते मागणीपत्र अजून टेबलावर आहे साहेबांच्या, त्या गौरवचिन्हाखाली. तीनदा आठवण केली मी. शेवटी काल संध्याकाळी शेजारच्या विभागाकडून उसनी बाटली आणली.

विद्यार्थिनी: आणि रोज आधी औषध न दिलेले सहा पळायचे.

मावशी: हो तर. तूच सांगितलं होतंस, औषध अंगी लागायला तीन तास जातात, तोवर बिनऔषधाचे उरकून घेऊ. मग पहिले बिचारे धडपडायचे, वास सोडत जायचे, आणि मागचे नाक खाली घालून सरळ दाण्यापाशी. उंदीर डोळ्यांनी कुठे चालतो, वासावरच चालतो तो.

विद्यार्थिनी: तुम्हाला हे ठाऊक होतं?

मावशी: एकोणीस वर्षं उंदीर सांभाळतेय.

विद्यार्थिनी: मग बोलला का नाहीत?

मावशी: मला वाटलं, तुम्ही तेच शिकताय. उंदीर वासाने वाट कशी काढतो ते. मला कोणी सांगितलं नाही आठवणीचं काम आहे म्हणून. मला म्हणाले, उंदीर सोडा, पुसा आणि मध्ये बोलू नका.

सर: हे सगळं ऐकीव आहे. शास्त्रात ऐकीव गोष्टींना स्थान नाही.

मावशी: मग हिच्या वेळांच्या वहीत बघा ना. बिनऔषधाचा शेवटचा आणि औषधाचा पहिला, दोघांना सारखाच वेळ लागायचा. दोघांचा दाणा मीच ठेवायचे.

विद्यार्थिनी: थांबा. बारावा दिवस. बिनऔषधाचा पहिला, एकशे तीस सेकंद. दुसरा एकशे दोन. मग सत्याऐंशी, बासष्ट, पन्नास. सहावा, एक्केचाळीस.

सर: पुढे?

विद्यार्थिनी: औषधाचा पहिला, चाळीस.

सर: आपण सरासरी दिली होती.

विद्यार्थिनी: सरासरीत हे दिसत नाही, सर. म्हणूनच ती इतकी सुरेख दिसत होती.

सर: एका वहीवरून कोणी डोक्यात राख घालून घेऊ नये. नव्या तुकडीतला एखादा उंदीर आहे ना? त्याला आत्ता सोडा. मावशी, चक्रव्यूह स्पिरिटने पुसा. माझ्यासमोर.

मावशी: हा घ्या. सहा दिवस औषध खातोय आणि याच वाटेने पळतोय. काल अडतीस सेकंदांत पोचला होता. सोडू?

सर: सोडा.

विद्यार्थिनी: वीस सेकंद. डावीकडे वळायला हवं होतं, उजवीकडे गेला.

सर: वळेल.

विद्यार्थिनी: साठ.

मावशी: कोपऱ्यात बसलाय. तोंड धुतोय.

सर: विचार करतोय तो.

विद्यार्थिनी: दोन मिनिटं, सर. आता झोपेल बहुतेक.

सर: काढा त्याला. बसा, दोघीही बसा. शांतपणे बोलू. पहिली गोष्ट, यात निराश होण्यासारखं काही नाही. आपल्याला अनवधानाने दुसरा शोध लागलाय. 'समूहातील गंधाधारित मार्गनिश्चिती.' म्हणजे एकाच कामाचे दोन पेपर. मावशी, तुमचं नाव लेखकांत घालू. चौथं. नाही, तिसरं.

मावशी: मला नको, साहेब. माझं नाव हजेरीपटावर नीट लिहिलं तरी पुरे.

विद्यार्थिनी: आणि पहिला पेपर?

सर: तो राहील. जुने पेपर आपोआप जुने होतात. या पत्राला लिही, स्पिरिट वापरलं होतं. पहिल्या आठवड्यात वापरलंच होतं, म्हणजे खोटंही नाही. शुक्रवारी तुझी तोंडी परीक्षा आहे. पाच वर्षं घातलीस तू यात. आज हे बाहेर गेलं तर शुक्रवार गेला, पदवी गेली, तुझ्या हातात काय उरेल?

विद्यार्थिनी: माहीत आहे, सर. भीती वाटतेय मला. घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय शुक्रवारचं.

सर: मग?

विद्यार्थिनी: त्या चार उंदरांची यकृतं आठवतात. औषध दिलेल्या सहांपैकी चौघांची सुजली होती. तुम्ही लिहायला सांगितलंत, 'स्मरणशक्तीतील लक्षणीय सुधारणेच्या तुलनेत स्वीकारार्ह.' आता सुधारणाच नाही. नुसती सूज उरली.

मावशी: म्हणजे ही गोळी घेऊन आठवण यायची नाही, वर आजार व्हायचा?

विद्यार्थिनी: होऊ शकतो.

मावशी: साहेब, आईसाहेब पण आहेत ना त्या चाळिसांत? वर्तमानपत्रात फोटो होता तुमचा त्यांच्यासोबत.

सर: पहिलंच नाव आहे तिचं. 'ज्याचा स्वतःच्या शोधावर विश्वास आहे तो आधी घरापासून सुरुवात करतो.' मीच म्हणालो होतो.

मावशी: कशा आहेत आता?

सर: काल मला दोनदा विचारलं, आपण कोण. मग उठून खुर्ची दिली, पाहुणा समजून. इतकी अदबीने बोलत होती.

मावशी: देवा.

सर: तुम्हाला वाटत असेल, मी मुद्दाम डोळ्यांवर कातडं ओढून बसलो. तसं नाही हो. ते आकडे आले त्या दिवशी मी दार लावून रडलो होतो. मला ते खरंच हवे होते. इतके हवे होते की वही मागवून पाहावी असं मनातच आलं नाही.

विद्यार्थिनी: माझ्याही नाही आलं. मला पदवी हवी होती.

सर: दे तो फोन इकडे. दवाखान्याचा नंबर लाव.

विद्यार्थिनी: लावलाय. घ्या.

(सर फोन कानाला लावतात. विद्यार्थिनी वही मिटत नाही.)

सर: हॅलो. हो, मीच. उद्याच्या औषधाची यादी समोर आहे का? त्यातलं पहिलं नाव काढा. हो, माझ्या आईचं. कारण? कारण घरगुती लिहा. नाही, नाही, काळजीचं काही नाही. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे.

मावशी: बाकी सगळं?

सर: ठेवतो मग.

विद्यार्थिनी: ठेवू नका, सर. इकडे द्या. यादी माझ्याकडे आहे, उरलेली एकोणचाळीस नावं मी वाचते.