दोराला लावलेलं बोट

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा. आणि मागचे ते खांबाला टेकलेले — हो, तुम्हीच — तुम्ही डोळे तेवढे उघडे ठेवा, बाकी काही मागत नाही. आज एकच प्रश्न आहे. चार माणसांकडून काम करून घ्यायचं, तर त्यांच्या म्होरक्यानं उभं कुठं राहायचं? पुढं? मागं? की वर?

"वर" असं मनात म्हणालेत ना काही जण? दिसतंय मला. पहिल्या रांगेतच दिसतंय.

तर एक गाव होतं, खडकदरं. गावाची देवी डोंगराई, तिचं देऊळ टेकडीवर. चैत्रात देवीचा रथ गावातून फिरायचा आणि संध्याकाळी देवळात परत जायचा. रथ म्हणजे काय, सागवानी घरच चाकांवर ठेवलेलं! टेकडीच्या पायथ्यापर्यंत बैल ओढायचे. तिथं बैल सोडायचे. का? तर शेवटची चढण माणसांनीच ओढायची, असा रिवाज. आणि दोराला पहिला हात लावायचा मान होता इंगवल्यांचा.

पण मानाला एक अट होती बरं का! दिवेलागणीच्या आत रथ देवळाच्या दारात गेला पाहिजे. नाही गेला, तर पुढच्या वर्षीपासून मान शेलारांचा. त्यामुळं शेलारांचे भिकोबा दरवर्षी नवा फेटा बांधून पायथ्याशी उभे राहायचे. ओढायला नाही हो. सूर्य कुठवर आलाय, ते बघायला.

आता गंमत ऐका. इंगवल्यांचे आजोबा होते, ते दोराचं पुढचं टोक खांद्यावर घ्यायचे. अख्खी चढण. गावही दोर खांद्यावर घ्यायचं. मग वडील आले. त्यांची कंबर नाजूक. ते पहिल्या वळणापर्यंत ओढायचे आणि मग हात मागं बांधून रथाबरोबर चालायचे. गावालाही पहिल्या वळणापासून कंबरदुखी सुरू झाली! रथ जेमतेम पोचायचा. आणि मग आले आपले जगदेवराव.

जगदेवरावांनी काय केलं? दोराला बोट लावलं. बोट! ते डोळ्यांना टेकवलं, आणि चढून बसले रथात, देवीच्या शेजारी. हातात पत्र्याचा कर्णा. म्हणाले, "हं, ओढा!"

आणि गावानं काय केलं? अहो, गाव शहाणं! रावांनी केलं तेच केलं. एकेक जण पुढं आला, दोराला बोट लावलं, डोळ्यांना टेकवलं, बाजूला झाला. बायाबापड्यांनी लावलं, पोराटोरांनी लावलं. दोराला कुंकू लागलं, हळद लागली, फुलं लागली. जोर तेवढा कुणी लावला नाही.

राव वरून ओरडले, "अरे, जोर लावा!"

पुढचा गडी मागं वळून ओरडला, "अरे, जोर लावा!" मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. अशी ती आज्ञा दोराच्या शेवटापर्यंत गेली. शेवटी मागं कुणी उरलं नाही, म्हणून शेवटच्यानं चाकालाच सांगितलं.

हसताय? हसा. तुमच्या पतपेढीची सभा मी पाहिलीय.

सूर्य टेकडीच्या कडेला आला. दोर धुळीत लोळतोय. हात ठेवलेत सगळ्यांनी, पण दोर असा सैल की वाळत घातलेलं धोतर बरं. चाकामागं धोंडा लावलेला, म्हणून रथ निदान जागेवर तरी होता. वर देवळाच्या दारात रावांच्या पत्नी चंद्राबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. ताटातली वात त्यांनी दोनदा विझू दिली, दोनदा लावली. खाली भिकोबा शेलारांनी फेटा सारखा केला.

ते रावांनी पाहिलं. तीन पिढ्यांचा मान! उद्या पारावर कुठल्या तोंडानं बसायचं? उतरले तणतणत. कशाला उतरले? ओढायला? छे छे. खडसावायला! दोराच्या पुढच्या टोकाला गेनबा नावाचा गडी होता, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"गेनबा, याला ओढणं म्हणतात?"

"धनी, तुम्ही केलं तस्संच करतोय की."

"लाज नाही वाटत? आण इकडं. असं धरायचं असतं. असं! आणि असा हिसका द्यायचा!"

आणि रावांनी दिला की हो हिसका. आता धनी स्वतः ओढतोय म्हटल्यावर गेनबा आणि शेजारचे चार गडी काय नुसते बघत राहणार? त्यांनीही ओढलं. रथ हातभर पुढं सरकला — आणि चाकामागचा धोंडा सुटून गडगडत खाली गेला.

मंडळी, आता पंचाईत बघा. धोंडा नाही. दोर रावांच्या हातात. सोडला, तर रथ मागं. रथ मागं, तर देवी खाली, मान खाली, आणि मागं उभी असलेली माणसं चाकाखाली. धरला, तर... धरायची सवय कुणाला होती?

रावांनी धरला. दुसरं करणार काय? टाचा रुतवल्या, दोर खांद्यावर घेतला. तोंड लालबुंद. पगडी पडली धुळीत. ओरडायला श्वास उरला नाही. जन्मात पहिल्यांदा जगदेवराव गप्प होते.

आणि गाव बघतंय. रावांची पगडी खाली? एकानं आपली टोपी काढून खाली ठेवली. दुसऱ्यानं पागोटं काढलं. सगळ्यांची डोकी उघडी! मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, अरे, रावांनी दोर खांद्यावर घेतलाय. झालं. भराभरा सगळे खांदे दोराखाली गेले. आता जोर लावा असं कुणी म्हणेना, कारण राव म्हणत नव्हते. दोर ताठ झाला. आणि रथ चालायला लागला, मंडळी! पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. त्या गर्दीत भिकोबा शेलारही ओढत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सगळे ओढताहेत, मी एकटा कसा उभा राहू?"

चंद्राबाईंनी तिसऱ्यांदा वात लावली, तेव्हा रथ दारात होता. मान राहिला.

राव खाली बसले. पाणी प्यायले. आणि श्वास परत आला तसा आवाजही परत आला. म्हणाले, "बघितलंत? मघापासून मी हेच तर सांगत होतो!"

चंद्राबाईंनी रावांच्या खांद्याकडं पाहिलं. दोरानं सालटं निघालं होतं. त्यावर हळद लावत म्हणाल्या, "अहो, सांगत होतात तोवर देवी पायथ्याशीच होती."

पुढच्या वर्षी काय झालं म्हणता? राव पायथ्याशी आले. बोट पुढं केलं. आणि मागं बघितलं, तर सगळं गाव एकेक बोट पुढं करून उभं! रावांनी गपचूप बोट मागं घेतलं, पगडी काढली आणि खांदा दिला. शहाणपण आलं म्हणून नव्हे हो. भीतीनं. पण रथाला काय त्याचं? तो आपला चढला.

तर आता विचारतो. तुमच्या घरात, तुमच्या कचेरीत, या देवळाच्या कमिटीत — कर्णे किती आणि खांदे किती? पोरानं पहाटे उठावं म्हणून अंथरुणातून हाका मारणारे किती? आणि "गावासाठी कुणी काही करतच नाही" असं म्हणणारे तर सगळेच. कुणाकडं बघून कुणी काही करत नाही, ते एकदा आरशात बघा.

आता आरती होईल, प्रसाद होईल. मग या सतरंज्या उरतील. कालच्या कीर्तनानंतर आज सकाळपर्यंत अशाच पडल्या होत्या, कुत्री झोपली होती त्यांवर. अध्यक्षांनी सेक्रेटरींना सांगितलं होतं, सेक्रेटरींनी मंडळाच्या पोरांना, आणि पोरांनी कुणाला सांगितलं ते त्या कुत्र्यांना ठाऊक.

आज मी कुणालाही सांगणार नाही. सांगून सांगून घसा बसलाय माझा. पेटीवाले, सूर थांबवा थोडा. हा फेटा मी इथं ठेवला. उपरणं कमरेला बांधलं. आरती झाली, की सतरंजीचं हे टोक मी धरणार.

बोला, डोंगराई माते की जय! — आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही बसलायत, ते दुसरं टोक आहे.