यशवंतपूरहून गेलेली ती

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बाई, वन्सं! पुण्याहून ट्रंक कॉल लावलात?… हो, हो, मिळालं ना पदक, मद्रासला, यांच्या त्या ब्लूजच्या रेकॉर्डला. तुमच्या भावाचा फोटो आलाय पेपरात, गिटार छातीशी धरून… आनंद? जळला मेला तो आनंद!… अहो, ऐका ना… ब्लूज म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?… विरहाची गाणी! माणूस सोडून गेलं की वाजवायची. मग हे कोणासाठी रडले?… नाही, गात नाहीत हो, नुसती गिटार. पण ती रडते ना! शेजारची गंगव्वा रेकॉर्ड ऐकता ऐकता डोळे पुसत उठून गेली. इतकी वर्षं पानात गरम पोळी पडतेय, घरात कधी डोळ्यांत टिपूस नाही, आणि तिथे हा गळा काढलाय!

आणि पहिल्याच तुकड्याचं नाव काय, तर ‘ती यशवंतपूरहून गेली’… हो, कव्हरवर इंग्रजीत छापलंय… विचारलं की. नुसते हसतात… हे वाजवतात त्या क्लबात गाणारी ती मिस डोरा असणार, दुसरं कोण?… मी? मी कशी असेन? बेळगावला माहेरी जाताना मी नेहमी सिटी स्टेशनवर गाडीत बसते!

काय?… कधी?… नंदूच्या वेळी?… थांबा, थांबा… आठवा लागला होता, टांग्याचे धक्के नकोत म्हणून… अय्या. हो की. मल्लेश्वरमच्या या घराहून यशवंतपूरच जवळ.

तुम्हीच होतात ना तेव्हा इथे, यांच्या जेवणाखाण्यासाठी… काय म्हणता? जेवायचे नाहीत?… माझी उशी मांडीवर, आणि तिच्यावर गिटार?… रोज?… मला कोणी सांगितलं नाही ते!

ऑपरेटर, स्वल्प थांबा हो!… वन्सं, एकच सांगा. मी बाळ घेऊन परत आले, मग काय वाजवायचे?… काहीच नाही?… गिटार माळ्यावर टाकली होती तेव्हा?

…नाही हो, रडत नाहीये. जळतेय. तिच्यावरच! ती पोटुशी गाडीत काय बसली, तिला एवढं सगळं मिळालं. आणि मी इथे समोर बसलेय, तर मला एक सूर नाही… कळलं हो, मीच ती. पण तेव्हाचं ते मी कुठे ऐकलं?… हॅलो? वन्सं?… हॅलो?… तुटला मेला.

अहो! ऐकलंत का? बेळगावचं तिकीट काढा माझं… सिटीहून नाही, यशवंतपूरहून. आणि पोचवायला तुम्ही या… गिटार घेऊन.